डोंगरात वाट निवडण्याचे शिक्षण हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात सह्याद्रीत वाट चुकलेल्या, धुक्यात भरकटलेल्या किंवा कड्यावर अडकून पडलेल्या मुलामुलींच्या बातम्या मी आपल्या दैनिकाच्या ई-आवृत्तीत वाचते आणि प्रत्येक वेळी जीव खालीवर होतो, कारण त्यांतल्या बऱ्याच डोंगरांवर मी स्वतः कॉलेजच्या दिवसांत फिरलेली आहे. बातमीनंतर जी चर्चा होते ती बहुधा दोनच मुद्द्यांपाशी घुटमळते. पावसाळी ट्रेकवर बंदी घालावी का, आणि गावातला वाटाड्या सोबत घेणे सक्तीचे करावे का. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, आणि वाटाड्याच्या बाबतीत तर मी सक्तीच्याच बाजूची आहे. तरीही डोंगरात वाट निवडणे हे पोहण्यासारखेच शिकता आणि शिकवता येणारे कौशल्य आहे, आणि ते शिकवणारा एक जुना, रीतसर नियमांचा खेळ जगात आहे, ही गोष्ट त्या चर्चेत कधी येत नाही. त्या खेळाविषयी आणि तो महाराष्ट्रात का रुजायला हवा याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी मूळची वाईची. गेली १९ वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात राहते आणि त्यांपैकी १२ वर्षे ओरिएंटिअरिंगच्या शर्यतींत भाग घेत आले आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, रानात ठेवलेल्या खुणा ठरलेल्या क्रमाने शोधत कमीत कमी वेळात परत येणे, असे या खेळाचे स्वरूप आहे. प्रत्येक खुणेला ‘कंट्रोल’ म्हणतात. तिथे नारिंगी आणि पांढऱ्या रंगाचा, ३० सेंटिमीटर बाजूचा, तिकोनी कंदिलासारखा कापडी झेंडा लटकवलेला असतो, आणि बोटाला अडकवलेली इलेक्ट्रॉनिक चिप शेजारच्या पेटीत घातली की आपण तिथे पोहोचल्याची वेळ नोंदली जाते. नकाशावर सुरुवात जांभळ्या त्रिकोणाने, कंट्रोल जांभळ्या वर्तुळांनी आणि शेवट दुहेरी वर्तुळाने दाखवलेला असतो. दोन वर्तुळांना जोडणारी सरळ रेषा छापलेली असते, पण त्या रेषेवरूनच जावे असा नियम नाही. एका वर्तुळातून दुसऱ्यात कसे जायचे, डोंगर चढून की वळसा घालून, हे ज्याचे त्याने धावता धावता ठरवायचे असते आणि शर्यत बव्हंशी तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

स्कँडिनेव्हियातल्या सैनिकी सरावातून हा खेळ आला. सर्वसामान्यांसाठीची पहिली शर्यत १८९७ साली नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ झाली. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी तो तरुणांमध्ये पसरवला. १९६१ साली आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९६६ साली फिनलंडमध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ब्रिटनमध्ये तो रुजवणाऱ्यांत ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली हे ऑलिंपिक पदके मिळवलेले दोन धावपटू आघाडीवर होते, आणि याच दोघांनी पुढे १९८१ साली लंडन मॅरेथॉन सुरू केली. मॅरेथॉन आपल्याकडे मुंबई-पुण्यापासून साताऱ्यापर्यंत पोहोचली. या खेळाची मात्र सैन्यदले आणि एनसीसीतले नकाशावाचन सोडले तर फारशी ओळख झालेली नाही.

वाट निवडणे म्हणजे नेमके काय, हे माझ्याच एका चुकीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका शर्यतीत मी पाचव्या कंट्रोलवर उभी होते. सहावा कंट्रोल सरळ रेषेत ८०० मीटरवर होता, पण मध्ये डोंगराची एक सोंड आडवी पडली होती. या शर्यतीचे नकाशे बहुधा १:१०,००० प्रमाणाचे असतात, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर १०० मीटर, आणि तपकिरी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, दर ५ मीटर उंचीला एक अशी काढलेली असते. मी चढाच्या रेषा मोजल्या, त्या १२ भरल्या. ६० मीटर चढायचे आणि पलीकडे तितकेच उतरायचे. दुसरा पर्याय होता सोंडेच्या टोकाला वळसा घालून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचा. अंतर १२५० मीटर, चढ जेमतेम १० मीटर.

अशा वेळी बहुतेक जण एक जुना आडाखा वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. दर ३ मैल अंतराला एक तास, आणि दर २००० फूट चढाला आणखी एक तास. मीटरमध्ये हिशेब केला तर १ मीटर चढ सुमारे ८ मीटर सपाट अंतराच्या बरोबरीचा पडतो. तेव्हा सोंडेवरून जायचे तर ८०० अधिक ४८०, म्हणजे १२८०. वळशाने जायचे तर १२५० अधिक ८०, म्हणजे १३३०. पन्नासाचा फरक सोंडेच्या बाजूने होता, म्हणून मी सोंड धरली.

त्या उतारावर छातीइतका उंच नेचा माजलेला होता. तो नकाशात होता, उभ्या हिरव्या रेघांनी स्पष्ट दाखवलेला होता. मी रेषा मोजण्याच्या घाईत रंग पाहिलाच नाही. ओल्या नेच्यात पायाखालचे दगड दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक पाऊल चाचपडत टाकावे लागते. माथ्यावर पोहोचले तेव्हा धाप लागली होती आणि धाप लागलेल्या माणसाला नकाशा नीट वाचता येत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे. पलीकडे उतरताना दोन सारख्या दिसणाऱ्या खळग्यांपैकी मी चुकीच्या खळग्यात उतरले, तिथे झेंडा नव्हता, आणि एका गडग्यापाशी येऊन थांबले. हे रचलेल्या दगडांचे, चुना-मातीविना उभे राहिलेले गडगे त्या भागात मैलोन्‌मैल पसरलेले आहेत आणि कोकणातल्या गडग्यांशी त्यांचे इतके साम्य आहे, की दुसरा शब्द मला सुचत नाही. त्या गडग्याच्या कोपऱ्यावरून मला माझी जागा कळली आणि मी परत वर चढून कंट्रोल गाठला. त्या एका टप्प्यात चार मिनिटांहून अधिक वेळ वाया गेला.

शर्यत संपल्यावर मेंढ्यांच्या कुरणात उभे राहून, चहाचा कप एका हातात आणि पेन दुसऱ्या हातात धरून, प्रत्येक जण आपण गेलेली वाट नकाशावर काढतो आणि टप्प्याटप्प्याच्या वेळा ताडून पाहतो. माझ्या वयोगटात पहिल्या आलेल्या बाईंनी तिसरीच वाट काढली होती. सोंडेच्या टोकाला असलेल्या टेकाडाच्या अलीकडे एक लहानशी खिंड होती. अंतर ९५० मीटर, चढ फक्त २५ मीटर, म्हणजे आडाख्याने ११५०. शिवाय खिंडीतून खाली उतरणारा तोच गडगा त्यांना कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला होता आणि त्या कोपऱ्यापासून झेंडा ९० मीटरवर होता. त्यांनी वाट उलटी शोधली होती. आधी कंट्रोलच्या जवळची न चुकणारी खूण शोधायची, मग त्या खुणेपर्यंत सुखरूप कसे जाता येईल ते पाहायचे, आणि मग पायाखालच्या जागेशी ते जुळवायचे. मी पायापासून सुरुवात केली होती, त्यामुळे मला दोनच वाटा दिसल्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक टप्पा शेवटाकडून वाचते.

हे सगळे इतक्या तपशिलात सांगण्याचे कारण असे, की डोंगरात वाट चुकण्याची मुळे बहुधा अशाच बारीक निर्णयांत असतात आणि हे निर्णय सुधारता येतात. सुधारण्यासाठी आधी आपण निर्णय घेतला होता हे तरी कळायला हवे. आज आपल्याकडे बहुतेक तरुण दुसऱ्याने नोंदवलेला जीपीएस ट्रॅक मोबाइलवर उतरवून घेतात आणि त्या रेघेवरून चालतात. तंत्राला माझा विरोध नाही, अडचणीच्या वेळी मोबाइल जीव वाचवतो. पण तो ट्रॅक ज्याने नोंदवला तो कदाचित डिसेंबरमध्ये गेला असेल, जेव्हा ओढा कोरडा होता आणि गवत पिवळे पडून बसले होते. जुलैमध्ये त्याच जागी कमरेइतके पाणी असते आणि कारवीतून वाट शिल्लक नसते. शिवाय उंच कड्यांच्या मधल्या घळीत उपग्रहांचा संदेश अडतो आणि पडद्यावरचा ठिपका भलतीकडे उडी मारतो. बॅटरी संपली तर माणसाकडे काहीच उरत नाही, कारण आपण कोणती सोंड चढलो, कोणता ओढा ओलांडला, डावीकडे काय होते, यांपैकी काहीही त्याने मनात नोंदवलेले नसते. शर्यतीत नकाशा घडी घालून हातात धरतात आणि अंगठा आपण आहोत त्या जागेवर ठेवतात. पुढे सरकू तसा अंगठा सरकवतात. दहा वर्षांच्या मुलांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. त्यामुळे कुठल्याही क्षणी मी कुठे आहे या प्रश्नाचे उत्तर अंगठ्याखाली असते, आणि चुकले तरी शेवटची पक्की जागा माहीत असते.

युरोपातले शिक्षण जसेच्या तसे उचलून सह्याद्रीला लावावे असे मी म्हणत नाही. आपला डोंगर वेगळा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला, आणि त्यांतला टणक थर कडा होऊन उभा राहिला, मऊ थर झिजून पदर, म्हणजे कड्याखालची आडवी सपाटी, झाला. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा आहे. इथे १ मीटरला ८ मीटर हा आडाखा दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो; पहिला प्रश्न असतो तो कडा फुटतो कुठे. पदरातून आडवे चालत गेल्यावर एखादी नाळ, म्हणजे अरुंद घळ, कड्याला भेदते, तिथूनच वर जाता येते. माहीतगार वाटाड्या पदरातून किलोमीटरभर जादा चालवतो, तेव्हा शहरातल्या मुलांना तो उगाच फिरवतो आहे असे वाटते. त्याच्या डोक्यातला नकाशा आपल्याला वाचता आला असता तर तसे वाटले नसते.

उतरताना वाट जास्त चुकते, हे प्रत्येक ट्रेकर जाणतो. त्यामागचे कारण नकाशा पाहिल्यावर लगेच उमगते. चढताना सगळ्या सोंडा एका माथ्याकडे येत एकत्र मिळत जातात, त्यामुळे थोडे इकडेतिकडे झाले तरी माथा चुकत नाही. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, आणि धुक्यात एका फाट्यावर दहा पावले चुकीच्या बाजूला पडली की तासाभराने आपण दुसऱ्याच खोऱ्यात असतो. ओढ्यांचे उलटे असते, ते उतरताना एकत्र येतात, म्हणून गोंधळलेला माणूस ओढा धरून खाली जायला लागतो. आणि आपल्याकडे घाटमाथ्यावरून कोकणाकडे जाणारा ओढा बहुधा धबधब्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. वर जाणे जमत नाही आणि खाली उतरता येत नाही, अशी अवस्था तिथेच होते. रायरेश्वराच्या पायथ्याच्या एका गुराख्याने आम्हा कॉलेजच्या मुलींना वाट चुकल्यावर ओढ्यात न उतरण्याबद्दल फार काकुळतीने बजावले होते. तो असे का म्हणाला ते मला पुढे समोच्चरेषा वाचायला लागल्यावर समजले. ढोरवाटांचेही तसेच. त्या बऱ्याचदा समपातळीत जातात, चालायला सोप्या असतात, आणि पाण्यापाशी किंवा गवतापाशी पोहोचल्या की संपतात. लेक डिस्ट्रिक्टमधल्या मेंढ्यांच्या वाटांनी मला असेच अनेकदा फसवले आहे.

या खेळातल्या दोन-तीन युक्त्या सह्याद्रीत आजपासून वापरता येतील. होकायंत्र धरून सरळ चालताना ५ अंशांची चूक सहज होते आणि ५०० मीटरमध्ये ती सुमारे ४४ मीटरची होते. एखाद्या ओढ्यावरच्या साकवापाशी पोहोचायचे असेल आणि आपण नेम साकवावरच धरला, तर ओढ्याशी आल्यावर साकव दिसला नाही की डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कळत नाही. म्हणून जाणते लोक मुद्दाम साकवाच्या डाव्या बाजूला नेम धरतात. ओढा लागला की निःशंकपणे उजवीकडे वळायचे. निघतानाच आणखी एक गोष्ट ठरवून ठेवायची, ती म्हणजे जादा पुढे गेलो तर आपल्याला अडवणारी खूण कोणती. एखादी गाडीवाट, पठाराची कड, विजेच्या तारांची ओळ. ती लागली की आपण चुकलो हे मान्य करायचे आणि मागच्या पक्क्या जागी परतायचे. परतण्याचा निर्णय आधीच घेतलेला असला की तो ऐनवेळी अंगावर येत नाही, आणि गटात कोणालाही कमीपणा वाटत नाही. महाराष्ट्रात तर होकायंत्र वापरणे आणखी सोपे आहे, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाहूनही कमी आहे.

मग नकाशाचे काय? भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे आता भारतीय नागरिकांना संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, आणि ट्रेकला निघण्यापूर्वी ते पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. पण त्यांत समोच्चरेषा २० मीटरला एक असते. १५ मीटरचा सरळसोट कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज दडून राहतो. वाट निवडायला शिकण्यासाठी मोठ्या प्रमाणाचा, ५ मीटरच्या रेषांचा, कातळ, घळी, दाट कारवी आणि पायवाटा दाखवणारा नकाशा लागतो. असा नकाशा बनवण्यातली सरकारी अडचण पूर्वी मोठी होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही, संवेदनशील गोष्टींचे निर्बंध तेवढे पाळावे लागतात. नकाशा काढण्याची मोफत संगणकप्रणालीही उपलब्ध आहे. उरते ते पायी फिरून केलेले काम. आमच्या क्लबातले निवृत्त शिक्षक हिवाळाभर एकेका टेकडीवर फिरून प्रत्येक मोठा दगड, प्रत्येक ओघळ नकाशावर आणतात. भूगोलाच्या आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही. आपल्याकडे समोच्चरेषा पाठ्यपुस्तकात शिकवल्या जातात, परीक्षेत त्यांची आकृती काढली जाते, आणि वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीशी तिचा संबंध बहुतेक मुलांना कधी दाखवलाच जात नाही.

ब्रिटनमध्ये मुलांना कसे तयार करतात ते पाहण्यासारखे आहे. शर्यतींना रंगांची नावे असतात. सर्वांत सोप्या पांढऱ्या शर्यतीत सगळा मार्ग पायवाटेवरून असतो आणि जिथे जिथे दोन वाटा फुटतात त्या प्रत्येक फाट्यावर कंट्रोल असतो, त्यामुळे सात-आठ वर्षांचे मूल एकटे जाऊन हसत परत येते. पिवळ्या शर्यतीत कंट्रोल वाटेपासून किंचित बाजूला असतो. नारिंगीत पहिल्यांदा दोन वाटांपैकी एक निवडावी लागते. हिरव्या, निळ्या, तपकिरी शर्यतींत वाट सोडून फक्त जमिनीचे उंचसखलपण वाचत जावे लागते. दहा वर्षांच्या मुलांपासून ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांपर्यंत सगळे एकाच दिवशी, एकाच रानात, आपापल्या वयोगटात धावतात. माझ्या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी पहिल्यांदा चुकून, स्वतःच चूक ओळखून, स्वतःच मागे फिरून कंट्रोल शोधला. शेवटच्या रेषेवर ती आली तेव्हा मला मिठी मारण्याआधी तिने नकाशा उघडून कुठे चुकले ते बोटाने दाखवले. तो नकाशा मी जपून ठेवला आहे.

सुरक्षिततेची शिस्तही शिकण्यासारखी आहे. प्रत्येकाकडे शिट्टी असावी लागते, आणि संकटात मिनिटाला सहा वेळा फुंकायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा, हा संकेत सगळ्यांना माहीत असतो. शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटी येऊन चिपची नोंद करावीच लागते, म्हणजे रानात गेलेले सगळे परतले की नाही हे आयोजकांना यादीवरून कळते. एक जरी नोंद कमी असली तरी शोध सुरू होतो. पूर्ण हरवलात तर अमुक दिशेला चालत राहा, पक्का रस्ता लागेल, अशी एक सुरक्षित दिशाही आधीच सांगितलेली असते. ही शेवटची गोष्ट घाटमाथ्यावर जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे ठरेल, कारण सरळ दिशा कड्यावर नेऊ शकते. तिथे दिशेऐवजी परतीची एकच ठरलेली वाट सांगावी लागेल. पण मोजून पाठवणे आणि मोजून परत घेणे हे तर कोणत्याही ट्रेक आयोजकाला उद्यापासून करता येईल. शनिवार-रविवारी शेकडो लोकांना एका किल्ल्यावर नेणाऱ्या गटांमध्ये ही साधी यादीही नसल्याचे मी गेल्या भेटीत डोळ्यांनी पाहिले आणि मन फार अस्वस्थ झाले.

खर्चाचा आक्षेप कोणी घेईल, पण नकाशाचा कागद, होकायंत्र आणि चांगले बूट याहून फारसे काही लागत नाही. चिपऐवजी कागदावर टोचा मारण्याची पद्धत जगभर कित्येक दशके चालली. रानाला त्रास होईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मनावर घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये जमीनमालकाची परवानगी घेतल्याशिवाय शर्यत होत नाही, पक्ष्यांच्या विणीच्या काळात आणि मेंढ्या वितात त्या काळात ठराविक भाग बंद असतात, आणि ते नकाशावर बंद म्हणूनच छापलेले असतात. महाराष्ट्रात वनखात्याला सुरुवातीपासून बरोबर घेतल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये. अभयारण्ये आणि देवराया पूर्णपणे बाहेर ठेवाव्यात. पहिली सुरुवात शहराजवळच्या, आधीच पायवाटांनी भरलेल्या टेकड्यांवर करावी: पुण्याची वेताळ टेकडी, साताऱ्यात यवतेश्वराचा उतार, नाशिकमध्ये पांडवलेण्यांची टेकडी, कोल्हापूरजवळ जोतिबाचा डोंगर. एका टेकडीचा एक चांगला नकाशा झाला की तो अनेक वर्षे शाळांना पुरतो.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. शाळा आणि महाविद्यालयांनी भूगोलाच्या प्रात्यक्षिकात वर्षातून किमान एक दिवस नकाशा घेऊन टेकडीवर जाण्याचा ठेवावा. एनसीसीच्या छात्रांना नकाशावाचन येतेच, त्यांनी आपल्या गावातल्या लहान मुलांसाठी पांढरी शर्यत भरवावी. आणि ट्रेकिंग संस्थांनी नेता निवडताना त्याने किती किल्ले पाहिले याच्या जोडीला, अनोळखी डोंगरावर कागदी नकाशावरून त्याला वाट निवडता येते का, हेही तपासावे. हे तपासणे अवघड नाही. त्याला नकाशा द्यावा, एक जागा दाखवावी, आणि तिथे जायच्या दोन वाटा सांग, त्यांतली तू कोणती घेशील आणि का, एवढे विचारावे.

येत्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत मी वाईत आणि पुण्यात असणार आहे. आमच्या क्लबाने वापरातून काढलेली पण उत्तम चालणारी २० होकायंत्रे माझ्या सामानात असतील, आणि वाईजवळच्या एका छोट्या टेकडीचा १:५,००० प्रमाणाचा कच्चा नकाशा मी गेल्या दोन सुट्यांत फिरून तयार केला आहे. पूर्वेकडच्या उतारावरची एक घळ आणि तिच्या वरचा कातळ नकाशात अजून नीट बसलेला नाही, तो यंदा पुन्हा पायाखाली घालून दुरुस्त करायचा आहे. ज्या शाळेला मुले पाठवायची असतील तिच्यासाठी पहिली पांढरी शर्यत मी विनामूल्य भरवीन. फाट्याफाट्यावर उभे राहायला आठ-दहा मोठी माणसे लागतील.

आपली नम्र,
एक वाचक, लीड्स (मूळ गाव वाई, जि. सातारा)